स्नॅपड्रॅगन एक्स लॅपटॉपवर लिनक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन एक्स एलिट, एक्स प्लस किंवा नुसत्या एक्स या एआरएम चिपच्या लॅपटॉपवर लिनक्स चालवणाऱ्यांसाठी आणि चालवू पाहणाऱ्यांसाठी हे पान आहे. शेवटाकडे ॲपलच्या एम मालिकेबद्दल आणि रिस्क-फाइव्ह या खुल्या सूचना-संचाच्या लॅपटॉपबद्दलही लिहिलं आहे, कारण विचारणारी मंडळी बहुधा तीच असतात. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत आहेत. टर्मिनलवर ती रोमनमध्येच टाकायची.

इंटेल लॅपटॉपला कुठल्याही लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला की चालतो. इथे तसं का होत नाही?

इंटेल-एएमडीच्या मशीनमध्ये कोणता भाग कुठे आहे हे मशीन स्वतः सांगतं. पीसीआय बसला (भाग जोडणाऱ्या मुख्य तारांना) विचारलं की ती यादी देते, उरलेलं बायोसने दिलेल्या एसीपीआय नावाच्या तक्त्यांत असतं, आणि ते तक्ते लिनक्सला वीस-पंचवीस वर्षांच्या सवयीने वाचता येतात.

एआरएम लॅपटॉपवर अर्धेअधिक भाग अशा तारांवर बसलेले असतात की त्यांना विचारायची सोयच नसते. एसीपीआयचे तक्ते इथेही आहेत, पण ते विंडोज डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत. कोणतं क्लॉक (भागांना ताल देणारा ठोका) कधी चालू करायचं, कोणत्या भागाला किती व्होल्ट द्यायचे, हे ज्ञान क्वालकॉमच्या विंडोज ड्रायव्हरमध्ये आहे, तक्त्यांत नाही. म्हणून लिनक्स ते तक्ते बाजूला ठेवतं आणि 'डिव्हाइस ट्री' नावाची वेगळी फाइल वाचतं. तिच्यात अक्षरशः असं लिहिलेलं असतं: टचपॅड अमुक आय-टू-सी बसवर, अमुक पत्त्यावर, त्याचा इंटरप्ट अमुक पिनवर आणि त्याला वीज अमुक रेग्युलेटरमधून. यातली एक ओळ चुकली की टचपॅड मेल्यासारखा पडतो, पण उरलेला लॅपटॉप झकास चालतो.

ही फाइल प्रत्येक मॉडेलची वेगळी असते. त्यामुळे चिप एकच असली तरी एका कंपनीच्या लॅपटॉपवर सगळं चालतं आणि दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपवर स्क्रीनही लागत नाही. 'एक्स एलिटवर लिनक्स चालतं का?' या प्रश्नाला म्हणूनच उत्तर नाही. 'माझ्या मॉडेलची डिव्हाइस ट्री कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) आहे का?' या प्रश्नाला आहे.

मग माझ्या मॉडेलचं कसं शोधायचं?

कर्नलच्या सोर्समध्ये एआरएम६४ विभागात क्वालकॉमचा डिव्हाइस ट्रींचा फोल्डर आहे. त्यात 'एक्स१ई' किंवा 'एक्स१पी' ने सुरू होणाऱ्या फाइली बघा. नावातच कंपनी आणि मॉडेल असतं. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या कर्नल ६.११ मध्ये लेनोवो योगा स्लिम ७एक्स आणि आसुस व्हिवोबुक एस १५ होते. त्यानंतरच्या आवृत्त्यांत थिंकपॅड टी१४एस जेन ६, सरफेस लॅपटॉप ७, डेल एक्सपीएस १३ ९३४५ वगैरे येत गेले. फाइल असली म्हणजे सगळं चालतं असं नाही, पण फाइल नसेल तर बाकीच्या प्रश्नांना काही अर्थ उरत नाही.

अजून एक गोष्ट विकत घेताना लोक हमखास विसरतात. 'एक्स प्लस' नावाखाली दोन वेगळ्या चिप विकल्या जातात. दहा कोअरची एक्स प्लस ही मुळात एलिटचीच भावंड. आठ कोअरची एक्स१पी-४२-१०० ही वेगळी आणि लहान चिप असून तिचा ग्राफिक्स भागही वेगळा आहे, आणि त्याचा लिनक्स आधार एलिटच्या बराच मागून आला. जाहिरातीत दोन्हींवर नाव एकच असतं, म्हणून खोक्यावरचा पूर्ण क्रमांक वाचा. दुकानदार 'हो हो, लिनक्स चालेल की' म्हणाला तर त्याच्या मनात इंटेलचा लॅपटॉप आहे हे गृहीत धरा.

माझं मत विचाराल तर, काम अडता कामा नये अशी परिस्थिती असेल आणि तरीही एआरएमच हवं असेल, तर जुना थिंकपॅड एक्स१३एस बघा. २०२२ चं मशीन आहे, चिप स्नॅपड्रॅगन ८सीएक्स जेन ३, वेग एलिटपेक्षा कमी. पण त्याच्यावर लिनारो (एआरएमवरच्या लिनक्सचं काम करणारी संस्था) आणि इतरांनी इतकं काम केलं आहे की रोजच्या वापरात तो नव्या लॅपटॉपपेक्षा कमी त्रास देतो.

काहीतरी चालत नाही. सुरुवात कुठून करू?

तीन गोष्टी बघा, आणि याच क्रमाने. इथे घाई केली की पुढे दोन-दोन दिवस वाया जातात.

पहिली, कर्नल. 'यूनेम -आर' टाका. या चिपसाठी कर्नलच्या दर आवृत्तीत खरोखर नवीन काहीतरी येतं. इंटेलवर आपण एलटीएस (दीर्घकाळ आधार मिळणारा) कर्नल घेऊन दोन वर्षं निवांत बसतो, इथे तसं बसू नका. तुमचा त्रास आधीच दुरुस्त होऊन पुढच्या आवृत्तीत पडलेला असण्याची शक्यता बरीच मोठी आहे.

दुसरी, डिव्हाइस ट्री. 'कॅट /प्रॉक/डिव्हाइस-ट्री/मॉडेल' टाका. तुमच्या लॅपटॉपचं नाव छापून आलं पाहिजे. दुसऱ्याच मॉडेलचं नाव आलं तर चुकीची फाइल लोड झाली आहे. अशी फाइलच नाही असं उत्तर आलं तर कर्नल एसीपीआयवर उठला आहे. मग टचपॅड, आवाज, बॅटरी यांच्या मागे लागणं व्यर्थ आहे. आधी ग्रब किंवा सिस्टीमडी-बूटच्या (कर्नल उठवणाऱ्या बूटलोडरच्या) नोंदीत योग्य डिव्हाइस ट्री द्या. एक खाच इथे आहे: सिक्युअर बूट (फक्त सही केलेलंच उठवू देणारी बायोसची सोय) चालू असताना ग्रब बाहेरची डिव्हाइस ट्री लोड करायला नकार देतो. नोंद अगदी बरोबर असूनही परिणाम शून्य, असं दिसलं तर आधी बायोसमध्ये सिक्युअर बूट बघा.

तिसरी, लॉग. 'डीमेसेज' चं (कर्नलच्या नोंदींचं) आउटपुट फाइलमध्ये घ्या आणि एररचे आकडे शोधा. या लॅपटॉपवर तीन आकडे पुन्हा पुन्हा भेटतात. 'डायरेक्ट फर्मवेअर लोड … फेल्ड विथ एरर -२' यातला उणे दोन म्हणजे फर्मवेअरची (हार्डवेअरच्या भागात भरायच्या छोट्या सॉफ्टवेअरची) फाइल जागेवर नाही. हे सगळ्यात सोपं, कारण ओळीतच फाइलचं पूर्ण नाव असतं. ती मिळवून त्या जागी ठेवायची. उणे ५१७ म्हणजे ड्रायव्हर दुसऱ्या कोणाची तरी वाट बघतोय. तो स्वतः बिघडलेला नसतो, म्हणून त्याच्याच मागे लागू नका. '/सिस/कर्नल/डीबग/डिव्हायसेस_डिफर्ड' ही फाइल रूट म्हणून वाचा, कोण कोणासाठी खोळंबलं आहे ते तिथे दिसतं. बरेचदा साखळीच्या मुळाशी एखादा साधा मॉड्यूल लोड न झालेला सापडतो. उणे ११० म्हणजे समोरच्याने वेळेत उत्तर दिलं नाही. यात मात्र वीज, क्लॉक, फर्मवेअर, केबल काहीही असू शकतं आणि इथे धीर लागतो.

विंडोज पुसून सगळी डिस्क लिनक्सला देऊ का?

निदान पहिले काही महिने तरी नको. डिस्क लहान असेल तर विंडोजला ६०-७० जीबीपर्यंत दाबा, पण ठेवा.

पहिलं कारण फर्मवेअर. ग्राफिक्स, आवाज सांभाळणारा डीएसपी (छोटा सहायक प्रोसेसर) आणि इतर काही भागांना सुरू होताना फर्मवेअरच्या फाइली द्याव्या लागतात, आणि त्या लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या सहीने बंद केलेल्या असतात. लेनोवोची फाइल डेलवर चालत नाही. काही मॉडेलच्या फाइली आता 'लिनक्स-फर्मवेअर' पॅकेजमध्ये आल्या आहेत. उरलेल्यांच्या तुमच्याच विंडोजच्या ड्रायव्हरस्टोअर फोल्डरमधून काढाव्या लागतात. उबुंटूमध्ये त्यासाठी 'क्यूकॉम-फर्मवेअर-एक्स्ट्रॅक्ट' नावाचं तयार साधन आहे. विंडोज आधीच पुसलं असेल तर कंपनीच्या साइटवरून रिकव्हरी इमेज उतरवून तिच्यातून फाइली उकराव्या लागतात, आणि ते किचकट काम आहे.

दुसरं कारण बायोस. बहुतेक मॉडेलचं बायोस अपडेट विंडोजमधूनच करता येतं, आणि या लॅपटॉपच्या बाबतीत ते अपडेट खरोखर उपयोगाचे असतात.

पार्टिशनला हात लावण्याआधी बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. हे लॅपटॉप डिस्क कूटबद्ध करूनच येतात. तुम्ही कधी बिटलॉकर चालू केलं नसेल तरीही ते चालू असू शकतं. सिक्युअर बूट बंद केल्यावर विंडोज ती ४८ आकडी की मागतं, आणि त्या क्षणी ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात आहे, पण खात्याचा पासवर्ड आठवत नाही, ही वेळ कोणावर येऊ नये.

लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट झालं, लोगो दिसला आणि मग सगळं गोठलं. पेनड्राइव्ह खराब आहे का?

बहुधा नाही. या लॅपटॉपवर टाइप-सी पोर्टांचा कारभार एडीएसपी नावाच्या डीएसपीकडे असतो. बूट होताना कर्नल त्याला नवं फर्मवेअर देऊन उठवतो. तो उठताना पोर्ट क्षणभर बंद पडतात आणि पुन्हा सुरू होतात. तुमची संपूर्ण चालू सिस्टीम त्याच पोर्टात लावलेल्या पेनड्राइव्हवर असते. ती पायाखालून निघून जाते आणि सगळं जागीच थांबतं.

उपाय: बूट ओळीत (ग्रबच्या नोंदीतल्या कर्नलच्या ओळीत) 'मॉडप्रोब.ब्लॅकलिस्ट=क्यूकॉम_क्यू६व्ही५_पास' जोडा. मग लाइव्ह सेशनपुरता डीएसपी उठत नाही. तेवढा वेळ बॅटरीची टक्केवारी आणि आवाज मिळणार नाही, ते साहजिक आहे. चार्जर लावूनच इन्स्टॉल करा. इन्स्टॉल झाल्यावर सिस्टीम आतल्या एनव्हीएमई डिस्कवर असते, तेव्हा ही अट काढून टाका. ती तशीच राहिली आणि मग 'बॅटरी दिसत नाही' म्हणून विचारणारे खूप असतात.

ग्रबपर्यंत सगळं ठीक, पुढे काळी स्क्रीन.

आधी ठरवा, लॅपटॉप मेला आहे की नुसती स्क्रीन. कॅप्स लॉकचा दिवा लागतो का? दुसऱ्या मशीनवरून एसएसएच (नेटवर्कवरून लॉगिन) होतं का? होत असेल तर लॉग हातात आहे, निम्मं काम झालं.

नुसती स्क्रीन गेली असेल तर नेहमीचं कारण असं. ग्रब दिसत असताना पडदा फर्मवेअरने चालू केलेल्या क्लॉकवर चाललेला असतो. कर्नल उठतो, 'हे क्लॉक कोणी मागितलेलं दिसत नाही' असं बघतो आणि वीज वाचवायला बंद करतो. डिस्प्लेचा ड्रायव्हर अजून यायचाच असतो, तेवढ्यात पडदा विझतो. म्हणून बूट ओळीत 'सीएलके_इग्नोर_अनयूज्ड' आणि 'पीडी_इग्नोर_अनयूज्ड' हे दोन शब्द घालायचे. न वापरलेली क्लॉक आणि पॉवर डोमेन तशीच राहू द्या, असा त्यांचा अर्थ. यामुळे बॅटरी थोडी जास्त जाते. नव्या कर्नलवर ते काढून बघत राहा, लागत नसतील तर ठेवू नका.

हे करूनही काळंच राहिलं तर इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला कर्नलसोबत लोड होणाऱ्या छोट्या फाइल-संचात) डिस्प्ले, पॅनल आणि ग्राफिक्सचे मॉड्यूल व त्यांचं फर्मवेअर आहे का ते बघा. ड्रायव्हर इनिटरॅमएफएसमध्ये आणि त्याची फर्मवेअर फाइल मात्र रूट पार्टिशनवर, असं अर्धवट झालं की ड्रायव्हर लवकर उठतो, फाइल सापडत नाही आणि हात वर करतो. दोन्ही एकाच ठिकाणी ठेवा.

डिस्कचा पासवर्ड विचारतो, पण कीबोर्डच चालत नाही!

बहुतेक मॉडेलांत लॅपटॉपचा कीबोर्ड इथे यूएसबीवर नसून आय-टू-सीवर असतो. त्याला लागणारे मॉड्यूल इनिटरॅमएफएसमध्ये नसतील तर पासवर्डच्या टप्प्यावर तो मुका असतो. चालू सिस्टीममध्ये 'एलएसमॉड' ने कोणते मॉड्यूल लोड आहेत ते बघा. आय-टू-सी एचआयडी, क्वालकॉमचा जेनी आय-टू-सी आणि पिन कंट्रोलचे मॉड्यूल इनिटरॅमएफएसच्या यादीत घाला आणि ती पुन्हा तयार करा. बाहेरचा यूएसबी कीबोर्ड लावून सुटका होईलच असं नाही, कारण यूएसबीच्या फायचा (पोर्टाचे सिग्नल सांभाळणाऱ्या भागाचा) मॉड्यूलही तिथे नसला तर तोही चालत नाही. म्हणून पहिल्यांदा डिस्क कूटबद्ध न करता इन्स्टॉल करून सगळं चालतंय याची खात्री करा, असं मी सुचवेन.

बॅटरीची टक्केवारी दिसत नाही, चार्जिंगची खूणही नाही.

पुन्हा एडीएसपी. बॅटरीचं मोजमाप, चार्जिंग, टाइप-सीची वाटाघाट आणि आवाज, हे सगळं त्याच्याच हातात आहे. म्हणून बॅटरी आणि आवाज एकदमच गायब झाले असतील तर दोन वेगळे बिघाड शोधू नका. त्याचं फर्मवेअर लोड झालं का ते लॉगमध्ये बघा, वर सांगितलेला ब्लॅकलिस्ट अजून राहिला आहे का तेही बघा.

ग्राफिक्स फार हळू चालतं, पंखा घोंघावतो.

'जीएलएक्सइन्फो' मध्ये रेंडररचं नाव बघा. 'एलएलव्हीएमपाइप' दिसलं तर चित्र प्रोसेसरच काढतो आहे. ॲड्रेनोसाठी (या चिपमधल्या जीपीयूसाठी) झॅप शेडर नावाची सही केलेली छोटी फाइल लागते. ती नसेल तर जीपीयू सुरक्षित अवस्थेतून बाहेरच येत नाही. ही फाइलही कंपनीनुसार वेगळी असते. ती जागेवर असून उपयोग नसेल तर मेसा (लिनक्सचा ग्राफिक्स ड्रायव्हरांचा संच) जुनं असेल, ते नवं घ्या. फ्रीड्रेनो आणि टर्निप हे त्यातले दोन्ही ड्रायव्हर आता बरेच चांगले आहेत.

वाय-फाय दिसत नाही. ब्लूटूथ 'नाही'च म्हणतं.

वाय-फायची चिप बहुतेकांत डब्ल्यूसीएन७८५० आणि ड्रायव्हर एटीएच१२के. फर्मवेअर असूनही चालत नसेल तर लॉगमध्ये बोर्ड फाइलची तक्रार शोधा. अँटेनाची जुळणी प्रत्येक मॉडेलला वेगळी असते आणि तिची नोंद 'बोर्ड-२' फाइलमध्ये लागते. नवं 'लिनक्स-फर्मवेअर' हाच बहुधा उपाय. तोवर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा.

ब्लूटूथचं दुखणं वेगळं आहे. काही मॉडेलवर चिपला स्वतःचा पत्ता लिनक्सला सांगता येत नाही, म्हणून कर्नल तिला अर्धवट अवस्थेत ठेवतो. 'बीटीएमजीएमटी पब्लिक-ॲडर' ने विंडोजमध्ये दिसणारा पत्ता द्या, लगेच उठते. हे दर बूटला करावं लागत असेल तर छोटी सिस्टीमडी सर्व्हिस लिहून ठेवा.

दर वेळी घड्याळ १९७० दाखवतं आणि अपडेट चालत नाहीत.

क्वालकॉमच्या या घड्याळात लिनक्सला वेळ लिहिता येत नाही, फक्त वाचता येते. खऱ्या वेळेशी असलेला फरक दुसरीकडे जपून ठेवावा लागतो. ती सोय तुमच्या कर्नलमध्ये नसेल तर नेट लागेपर्यंत वेळ चुकीची राहते. वेळ चुकली की सुरक्षित साइटींची प्रमाणपत्रं अवैध वाटतात, म्हणून अपडेट अडतात. पॅकेज मॅनेजरवर राग काढण्याआधी 'डेट' टाकून बघा.

स्पीकरचा आवाज फार कमी आहे. मर्यादा काढता येते का?

काढू नका. लहान स्पीकर किती तापला आहे याचं भान ठेवणारं सॉफ्टवेअर विंडोजमध्ये असतं. लिनक्सवर ते नाही, म्हणून कर्नलच्या ड्रायव्हरने मुद्दाम कमाल आवाज बांधून ठेवला आहे. ती मर्यादा उठवली तर स्पीकर जळू शकतो, आणि तो सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही. आवाज अजिबातच नसेल तर एडीएसपीचं फर्मवेअर, मॉडेलची टोपोलॉजी फाइल आणि अल्साची (लिनक्सच्या आवाज-व्यवस्थेची) यूसीएम संरचना, या तीन गोष्टी तपासा. कॅमेऱ्यासाठी सध्या बाहेरचा यूएसबी वेबकॅम घ्या. ऑनलाइन मुलाखतीच्या आदल्या रात्री आतल्या कॅमेऱ्याशी झुंजू नका.

बाहेरचा मॉनिटर कधी लागतो, कधी नाही.

टाइप-सीची पिन उलटी करून लावा. एका बाजूने लागला आणि दुसऱ्या बाजूने नाही, तर मॉनिटर आणि केबल निर्दोष आहेत. पोर्टाजवळच्या रिटायमर (सिग्नल ताजा करणाऱ्या) चिपचा ड्रायव्हर किंवा डिव्हाइस ट्रीतली तिची नोंद अपुरी आहे. ही माहिती तक्रारीत नक्की लिहा, दुरुस्त करणाऱ्याला तिचा फार उपयोग होतो.

विंडोजवर दिवसभर बॅटरी पुरते, लिनक्सवर निम्मीच. का?

कारण वीज वाचवणं ही एक सोय नसून शेकडो बारीक गोष्टींची बेरीज आहे. प्रत्येक भाग वेळेवर झोपला पाहिजे, बस मंदावली पाहिजे, व्होल्टेज उतरलं पाहिजे, आणि यातली प्रत्येक गोष्ट कोणीतरी बसून लिहावी लागते. जर्मनीच्या टक्सेडो कंपनीने एक्स एलिटचा लिनक्स लॅपटॉप काढायचं ठरवलं होतं. सुमारे दीड वर्ष काम करून नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांनी प्रकल्प थांबवला. बॅटरीचा अपेक्षित काळ न मिळणं, पंख्यावर नियंत्रण नसणं, लिनक्समधून बायोस अपडेट नसणं आणि व्हर्च्युअलायझेशन नसणं ही कारणं त्यांनी उघडपणे सांगितली. ज्यांचा धंदाच लिनक्स लॅपटॉपचा आहे त्यांची ही स्थिती. तेव्हा तुमच्या घरी चार तास कमी मिळाले तर तुमचं काही चुकलं असं समजू नका.

झाकण मिटल्यावरची झोपही उथळ आहे. इथे एस३ ही गाढ झोप नाही, फक्त एस२आयडल ही हलकी झोप, आणि रात्रीत बरीच बॅटरी जाते. रात्री सरळ शटडाउन करा. बूट व्हायला वेळ लागत नाही.

केव्हीएम (लिनक्सची व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय) चालत नाही. '/डेव्ह/केव्हीएम' च नाही.

क्वालकॉमचा स्वतःचा हायपरवायजर वरच्या पातळीवर, म्हणजे ईएल२ वर बसलेला असतो आणि लिनक्सला ईएल१ वर उठवतो. केव्हीएमला ईएल२ लागतं. विंडोजसाठी ती जागा सिक्युअर लाँचच्या वाटेने सोडली जाते. त्याच वाटेने लिनक्सला वर नेणारं 'एसएलबाउन्स' नावाचं साधन आहे. ते वापरल्यावर डीएसपीसारखे इतर भाग बिघडू शकतात, म्हणून रोजच्या मशीनवर नको. कंटेनर मात्र नीट चालतात. डॉकर किंवा पॉडमॅनवर काम भागत असेल तर तेच करा.

माझी रोजची सॉफ्टवेअर चालतील का?

मुक्त सॉफ्टवेअर जवळजवळ सगळं चालतं. फायरफॉक्सने मार्च २०२५ च्या १३६ व्या आवृत्तीपासून एआरएम६४ लिनक्सची अधिकृत आवृत्ती दिली. लिब्रेऑफिस, जिंप, ब्लेंडर डिस्ट्रोतूनच (लिनक्सच्या वितरणातूनच) मिळतात. मराठीची काळजी नको. आयबसचे इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक लेआउट, लोहित आणि नोटो देवनागरी हे प्रोसेसरशी बांधलेले नाहीत, जसेच्या तसे चालतात.

अडचण बंद सॉफ्टवेअरची. इंटेलसाठीचे प्रोग्राम बॉक्स६४ किंवा एफईएक्स ही साधनं चालवून दाखवतात, पण ड्रायव्हर त्यांना चालवता येत नाहीत. आपल्याकडे हे कुठे टोचतं ते स्पष्ट सांगतो. वकिलांच्या टेबलापासून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर: कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर फक्त इंटेल-एएमडीसाठी बांधलेला आहे. त्याला जुन्या पीसीला जोडून कप्सने (लिनक्सच्या छपाई-सोयीने) नेटवर्कवर शेअर करणं हा सर्वात कमी डोकेदुखीचा मार्ग. डोंगलवर चालणारी जुनी मराठी डीटीपी सॉफ्टवेअर विसरा. ई-टेंडर किंवा जीएसटीसाठी डिजिटल सहीचा टोकन वापरत असाल तर लॅपटॉप घेण्याआधी त्याच्या ड्रायव्हरची एआरएम६४ आवृत्ती आहे का ते बघा.

त्यापेक्षा मॅकबुकवर 'असाही लिनक्स' (ॲपलच्या एम चिपसाठी घडवलेलं लिनक्स) बरं का?

एम१ किंवा एम२ असेल तर हो, अनेक बाबतींत बरं. फेडोरा असाही रिमिक्स डिसेंबर २०२३ मध्ये आलं आणि स्पीकरचं संरक्षण करणारी सेवासुद्धा त्यांनी स्वतः लिहिली. मॉडेल मोजकी असल्याने काम खोलवर होऊ शकलं. एक वेगळी अडचण मात्र तिथेच भेटते: कर्नलचं मेमरी पान (मेमरी वाटून द्यायचा तुकडा) ४ केबीऐवजी १६ केबीचं असतं. एखादा प्रोग्राम सुरू होताच पान-आकाराची तक्रार करून पडला तर हेच कारण. इंटेलचे गेम तिथे म्हणूनच ४ केबी कर्नलच्या छोट्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवतात.

रिस्क-फाइव्ह लॅपटॉपवर 'इलीगल इन्स्ट्रक्शन' येऊन प्रोग्राम पडतो.

प्रोग्राम ज्या सूचना वापरतो त्या तुमच्या चिपमध्ये नाहीत. रिस्क-फाइव्ह ही एक चिप नाही; पायाभूत संच एक आणि त्यावर विस्तार वेगवेगळे. स्टारफाइव्ह जेएच७११० मध्ये व्हेक्टर विस्तारच नाही. स्पेसमिट के१ मध्ये व्हेक्टर १.० आहे. टीएच१५२० च्या सी९१० कोअरमध्ये जुनं ०.७.१ आहे, जे १.० शी जुळत नाही. शिवाय या सी९१० वर ऑगस्ट २०२४ मध्ये जर्मनीच्या सिस्पा संस्थेने 'घोस्टराइट' हा दोष उघड केला: साधा प्रोग्रामही भौतिक मेमरीत हवं ते लिहू शकतो. उपाय एकच, व्हेक्टर बंद करणं. '/प्रॉक/सीपीयूइन्फो' मधली आयएसए ओळ वाचा आणि पॅकेज कशासाठी बांधलं आहे त्याच्याशी ताडून बघा.

उबुंटूने २५.१० पासून आरव्हीए२३ ही विस्तारांची किमान पातळी सक्तीची केली. वरच्या तिन्ही चिप तिच्यात बसत नाहीत. म्हणून या लॅपटॉपवर उबुंटू २४.०४ वरच राहा, किंवा ऑगस्ट २०२५ मध्ये आलेलं डेबियन १३ घ्या. त्यात रिस्क-फाइव्हला प्रथमच अधिकृत स्थान मिळालं. ग्राफिक्ससाठी विक्रेत्याचा बंद पॉवरव्हीआर ड्रायव्हर त्याच्याच कर्नलला बांधलेला असतो, म्हणून उत्साहाने कर्नल बदललात तर ग्राफिक्स जाईल.

आयआयटी मद्रासचं शक्ती आणि सी-डॅकचं वेगा यांच्यावर लॅपटॉप मिळतो का, असंही विचारतात. सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात असल्याने आपल्याकडे जरा जास्तच. हे प्रोसेसर सध्या शिक्षण आणि एम्बेडेड कामासाठी आहेत; दुकानात घेता येईल असा लॅपटॉप त्यांच्यावर नाही.

सगळं करून पाहिलं, तरी चालत नाही. तक्रार कुठे आणि कशी करू?

आधी डिस्ट्रोच्या बगट्रॅकरवर. नव्या मूळ कर्नलवरही तोच त्रास असेल तर कर्नलच्या क्वालकॉम मेलिंग लिस्टवर, इंग्रजीत, मोडकं चालतं. हे काम करणारी माणसं थोडी आहेत आणि तुमचं मॉडेल त्यांच्यापैकी कोणाकडेच नसण्याची शक्यता मोठी आहे. त्यांच्यासाठी तुमचा अहवाल हाच तो लॅपटॉप. म्हणून 'आवाज येत नाही, मदत करा' एवढ्यावर थांबू नका. मॉडेलचं पूर्ण नाव, बायोस आवृत्ती, कर्नल आवृत्ती, डिव्हाइस ट्रीतलं मॉडेल, बूट ओळ आणि आधी कोणत्या कर्नलवर चालत होतं का, हे लिहा. स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो नको. 'डीमेसेज' ची पूर्ण फाइल जोडा, पहिल्या ओळीपासून. फक्त लाल ओळी तोडून देऊ नका, कारण खरं कारण बरेचदा त्यांच्या शे-दोनशे ओळी वर असतं. पाठवण्याआधी त्यातला सिरियल नंबर आणि वाय-फाय व ब्लूटूथचे पत्ते खोडा.

कोणी पॅच पाठवून 'हे लावून बघाल का?' विचारलं तर लावून बघा, आणि चाललं तरी कळवा, नाही चाललं तरी कळवा. तुमचं 'टेस्टेड-बाय' (तपासणाऱ्याचं नाव) त्या पॅचवर नोंदलं जातं, आणि पॅच स्वीकारला गेला की तो त्या नावासह कर्नलमध्ये दाखल होतो.